विहिरीतलं पोहणं आणि समुद्राचं पाणी

अवसरी खुर्द हे गाव मंचरजवळ, पुणे-नाशिक महामार्गाच्या बाजूला. समुद्र आणि गाव यांच्यामध्ये अख्खा सह्याद्री उभा आहे. तरीही कोकणातल्या समुद्रकिनाऱ्यांवरच्या सुरक्षिततेचा प्रश्न अवसरीसारख्या गावांचा आधी आहे आणि किनाऱ्यावरच्या गावांचा नंतर. मुरूडच्या कोळ्याचा मुलगा भर दुपारी अनोळखी पाण्यात झेप घेत नाही. ती घेतो देशावरून आलेला पाहुणा, आणि बुडतोही बहुतेक वेळा तोच.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्यातल्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. सहल कॉलेजची होती, सोबत शिक्षक होते, दिवस हिवाळ्यातला होता, वादळबिदळ काही नव्हतं. त्यानंतर सव्वा वर्षानं, १५ एप्रिल २०१७ रोजी, मालवणजवळच्या वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतले ८ जण गेले. पुणे काय आणि बेळगाव काय, दोन्ही घाटमाथ्याच्या अलीकडची शहरं. दोन्ही ठिकाणी बुडालेली बहुतेक मुलं विशीच्या आसपासची, धडधाकट होती.

अवसरी खुर्दला २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. विदर्भ, मराठवाडा, खानदेशातून मुलं इथे शिकायला येतात आणि त्यांतल्या कितीतरी जणांनी समुद्र फक्त पडद्यावर पाहिलेला असतो. परीक्षा संपली की कोकणाचा बेत ठरतोच. गावातल्या तरुण मंडळींचंही तसंच आहे. कांदा-बटाट्याचं काम उरकलं, चार पैसे हातात आले की एखादी गाडी ठरवायची, शुक्रवारी रात्री निघायचं, चाकण, तळेगाव, खोपोली, पेण करत पहाटे अलिबाग गाठायचं. अलिबागला गर्दी असते म्हणून पुढे सरकायचं. कुणीतरी मोबाइलवर एखादा 'शांत किनारा' दाखवतं. रस्ता संपतो तिथे सुरूचं बन, त्यापलीकडे अर्धचंद्राकृती वाळू, दोन्ही बाजूंना काळे खडक, आणि चिटपाखरू नाही. सगळ्यांना हेच हवं असतं. पण चिटपाखरू नाही म्हणजे जीवरक्षकही नाही, दोरी नाही, होडी नाही आणि 'इथे उतरू नका' असं सांगणारा माणूसही नाही.

आंबेगाव-जुन्नरकडची मुलं पोहायला विहिरीत शिकतात. पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधायचा, कमरेला दोरी, वर काठावर काका नाहीतर मोठा भाऊ. आठ-दहा दिवसांत भोपळा सुटतो आणि पोरगं थारोळ्यावरून सूर मारायला लागतं. हे पोहणं खोटं नाही. दम चांगला असतो, पाण्याची भीती मोडलेली असते. पण विहिरीचं पाणी जागच्या जागी असतं. चार हात मारले की कड हाताला लागते. दमलं तर पायरीला धरून उभं राहता येतं. पोहणारा हलतो आणि पाणी थांबलेलं असतं, या एकाच गृहीतावर ते सगळं शिक्षण उभं आहे. समुद्रात ते गृहीत पहिल्या मिनिटाला मोडतं, आणि मोडलंय हे कळायलाही वेळ लागतो. खाऱ्या पाण्यात अंग जास्त तरंगतं, त्यामुळे सुरुवातीला उलट सोपंच वाटतं. पोहता न येणारा गुडघाभर पाण्यात थबकतो. विहिरीत तयार झालेला पुढे जातो. आणि कुणी ओरडलं तर वाचवायलाही पहिली उडी तोच मारतो.

त्याला नेमकं काय गाठतं, ते नीट समजून घेतलं पाहिजे. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली वाळूचे बांध तयार झालेले असतात. लाटा त्यांच्यावर फुटतात आणि पाणी बांध ओलांडून किनाऱ्याच्या बाजूला येऊन साठतं. एकामागून एक लाट पाणी आत टाकतच असते. ते पाणी परत जायला वाट शोधतं. वाफा भरल्यावर वरंब्याला एका ठिकाणी बारं पडलं की सगळं पाणी तिथूनच धावतं, तसं हे पाणी बांधातल्या सगळ्यात खोल फटीतून एकवटून समुद्राकडे निघतं. यालाच रिप करंट म्हणतात. किनाऱ्यावरची माणसं 'इथे पाण्याला ओढ आहे' म्हणतात ती बहुधा हीच. हा प्रवाह माणसाला खाली खेचत नाही, बाहेर नेतो. तो सहसा वीस-तीस मीटरहून जास्त रुंद नसतो आणि लाटा फुटण्याच्या रेषेपलीकडे गेला की विरतो. साधा प्रवाह सेकंदाला अर्धा मीटर वेगाने जातो, जोरात असेल तेव्हा २ मीटरपर्यंत. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये चीनच्या पान झानलेने १०० मीटर अंतर ४६.४० सेकंदांत पोहून विश्वविक्रम केला. म्हणजे सेकंदाला दोन मीटरच्या जरा वर. तेही तलावाच्या स्थिर पाण्यात, पोहण्यासाठीच घडवलेल्या शरीराने. कॉलेजच्या पोराने जीन्स घालून त्या प्रवाहाच्या विरुद्ध किनाऱ्याकडे हात मारायचे म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

माणूस मरतो तो याच झटापटीत. किनारा समोर दिसत असतो, मित्र दिसत असतात, म्हणून तो सरळ त्यांच्याकडे पोहत राहतो आणि पाच-सात मिनिटांत दम संपतो. त्याऐवजी अंग सोडून पाठीवर तरंगावं, हात वर करून मदत मागावी, आणि दम असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत प्रवाहाच्या पट्ट्याबाहेर पडावं. लाटा फुटताहेत तिथे पोचलं की लाटाच किनाऱ्याकडे ढकलतात. एवढी माहिती ज्याच्या डोक्यात आधीपासून आहे तो वाचू शकतो. पाण्यात गेल्यावर मात्र ती सुचत नाही.

आणखी एक अडचण अशी की धोक्याची जागा डोळ्यांना सगळ्यात सुरक्षित दिसते. फटीत पाणी खोल असल्यामुळे तिथे लाटा फुटत नाहीत. दोन्ही बाजूंना पांढरा फेस उसळत असतो आणि मधे एक गडद, शांत पट्टा. लहान मुलांना घेऊन आलेली आई नेमकी तीच जागा निवडते. खरं तर किनाऱ्यावर पोचल्यावर दहा मिनिटं कोरडंच उभं राहून, जरा उंचावरून पाणी न्याहाळलं तर हा पट्टा ओळखू येतो. फेस, पालापाचोळा किंवा गढूळ वाळू एका रेषेत बाहेर चालली असेल तर तिथे उतरायचं नाही.

छोट्या किनाऱ्यांची घडण या धोक्यात भर घालते. दोन खडकाळ टोकांमध्ये अडकलेल्या वाळूच्या पट्ट्यावर लाटांनी आणलेलं पाणी पसरायला जागा नसते. ते खडकाला थटून खडकाच्या कडेकडेनेच बाहेर पडतं. म्हणून टोकाजवळचा प्रवाह जवळपास कायमचा असतो, आणि फोटोसाठी गर्दी असते ती त्याच टोकावर. खडकांवर शेवाळ असतं, कालवांची धारदार शिंपलं असतात. घसरलेला माणूस रक्तबंबाळ होऊन पाण्यात पडतो. जिथे खाडी किंवा ओढा समुद्राला मिळतो तिथे ओहोटीच्या वेळी आतलं सगळं पाणी त्या अरुंद तोंडातून बाहेर धावतं. वरून ते नदीसारखं संथ दिसतं, म्हणून देशावरच्या माणसाला ओळखीचं वाटतं.

वाळूही बरंच काही सांगते. वाळू बारीक असेल तर किनारा सपाट, पाणी लांबवर उथळ. पण अशाच किनाऱ्यांवर बांध आणि फटी तयार होतात. वाळू जाड, भरड असेल तर किनारा उतरता असतो. चार पावलांत पाणी गुडघ्यावरून गळ्यापर्यंत येतं आणि लाट थेट काठावर आपटते. मुरूड तालुक्यातल्या काशीदचा किनारा त्याच्या पांढऱ्या वाळूसाठी पुण्या-मुंबईकडे प्रसिद्ध आहे, आणि तिथल्या जोरकस लाटांनी आजवर कितीतरी पर्यटकांचे जीव घेतले आहेत. शिवाय किनारा बारा महिने एकसारखा राहत नाही. पावसाळ्यातल्या लाटा काठावरची वाळू ओढून आत नेतात, बांध तिकडे रचतात; हिवाळ्यात ती वाळू हळूहळू परत येते. 'मागच्या मे महिन्यात आम्ही इथेच पोहलो होतो' हे वाक्य म्हणूनच सप्टेंबरमध्ये काही कामाचं नाही.

भरती-ओहोटीचं गणित तर शाळेच्या भूगोलात आहे. कोळी मंडळी ते पिढ्यान्‌पिढ्या तोंडी करतात: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला हा अंदाज बऱ्यापैकी लागू पडतो. आता पौर्णिमा-अमावास्या घ्या. भरती दुपारी साडेअकरा-बाराला पूर्ण होते आणि तिथून संध्याकाळपर्यंत पाणी उतरत राहतं. उधाणाचे दिवस असल्यामुळे रायगडच्या किनाऱ्यावर हा उतार साडेतीन-चार मीटरचा असतो, म्हणजे एक मजली घर बुडेल इतकं पाणी पाच-सहा तासांत मागे जातं. मासळीचं जेवण करून, थोडी विश्रांती घेऊन पर्यटक पाण्यात उतरतात ती नेमकी हीच वेळ. गावोगावच्या घरांत भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली असते. सहल ठरवताना त्यात सुट्ट्या पाहिल्या जातात. तिथी पाहायला तेवढाच वेळ लागतो.

आकाश निरभ्र असलं म्हणजे समुद्र शांत असतो, हाही समज काढून टाकायला हवा. हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला उठलेल्या वादळांच्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून आपल्या किनाऱ्यावर येतात. इथे वारा पडलेला असतो आणि पाणी मात्र उसळत असतं. हैदराबादची 'इन्कॉइस' ही केंद्र सरकारची संस्था अशा उंच लाटांचे इशारे आधी देते. मच्छीमार संस्थांपर्यंत ते पोचतात. सहलीच्या बसपर्यंत पोचत नाहीत. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून मासेमारी बंद होते, होड्या वर ओढून शाकारल्या जातात. मासळीची वीण हे बंदीचं मुख्य कारण, पण खवळलेला समुद्र हे कारणही कोळ्यांना कुणी समजावून द्यावं लागत नाही. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय ते पाण्याकडे वळत नाहीत. ज्या महिन्यांत समुद्रावर जन्म काढलेली माणसं होडी पाण्यात घालत नाहीत, त्याच महिन्यांत देशावरून 'पावसाळी सहली' निघतात. हे थांबवलं पाहिजे, आणि ते निघण्याच्या गावातच थांबवणं शक्य आहे.

महाराष्ट्राच्या किनाऱ्याची लांबी सातशे किलोमीटरहून जास्त धरली जाते. इतक्या लांबीवर जागोजागी जीवरक्षक बसवणं अवघड आहे, हे मान्य. पण जिथे शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा लागतात ते किनारे मोजके आहेत. शेजारच्या गोव्याने २००८ मध्ये 'दृष्टी' या कंपनीकडे किनाऱ्यांवरच्या जीवरक्षकांचं काम सोपवलं. पोहण्याची जागा लाल-पिवळ्या झेंड्यांनी आखलेली असते, जिथे उतरायचं नाही तिथे लाल झेंडा, आणि शिट्टी वाजवणारा, जीप आणि फळी घेऊन फिरणारा माणूस. आपल्याकडे मुंबईच्या चौपाट्या सोडल्या तर हा भार बहुतेक वेळा किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतीवर पडतो. काही ग्रामपंचायती पर्यटकांच्या गाड्यांकडून शुल्क घेतात. त्या पैशाचा पहिला हक्क जीवरक्षकाचा असायला हवा. रस्ता, दिवे, बाकडी त्यानंतर. आणि तो जीवरक्षक गावातलाच, त्या पाण्यात वाढलेला तरुण असावा, त्याला नीट प्रशिक्षण आणि बारमाही पगार असावा. केवळ हंगामापुरते चार रुपये हातावर टेकवून हे काम होत नाही. ग्रामपंचायतीची ऐपत नसेल तिथे पर्यटन खात्याने वाटा उचलावा. कोकणच्या पर्यटनाच्या जाहिराती राज्यभर केल्या जातात, तर आलेल्या माणसाला जिवंत परत पाठवण्याची जबाबदारीही राज्याचीच आहे.

जीवरक्षक नाही अशी जागा मात्र सगळीकडेच उरणार. ऑस्ट्रेलियाइतकी किनारा-सुरक्षा फार थोड्या देशांत असेल. सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर १९३८ च्या फेब्रुवारीत एका रविवारी लाटांनी सुमारे २५० जणांना ओढून नेलं, आणि तिथल्या जीवरक्षकांमुळे पाच जण वगळता सगळे वाचले. त्याच ऑस्ट्रेलियात २४ जानेवारी २०२४ रोजी मेलबर्नजवळच्या फिलिप बेटावर भारतीय वंशाचे चार जण एकाच वेळी बुडाले. तो किनारा जीवरक्षक नसलेला होता. आज मराठी घरांतली मुलं शिकायला, नोकरीला तिकडे जातात. अवसरीच्या अभियांत्रिकीतलीही जातील. झेंडे दिसले तर झेंड्यांमध्येच पोहायचं आणि झेंडे नसतील तर पाणी घोट्यावर येऊ द्यायचं नाही, एवढं तरी त्यांना इथून जाण्याआधी माहीत असावं.

मुरूडच्या दुर्घटनेनंतर शिक्षण खात्याने सहलींचे नियम कडक केले. शिक्षकांवर जबाबदारी आली, परवानग्या वाढल्या, अनेक संस्थांनी समुद्राकडच्या सहली बंदच केल्या. यामागची काळजी खरी आहे. पण समुद्र पाहायची ओढ परिपत्रकाने संपत नाही. संस्थेची बस गेली नाही तर मुलं मोटारसायकली काढतात, भाड्याची गाडी ठरवतात, घरी 'मित्राकडे अभ्यासाला' सांगून निघतात. तेव्हा सोबत शिक्षक नसतो, यादी नसते, आणि कुणी हरवलं तर ते लवकर लक्षातही येत नाही. बंदीपेक्षा तयारी करून पाठवणं शहाणपणाचं आहे. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी तासभर वर्गात फळ्यावर बांध, फट आणि समांतर पोहणं काढून दाखवलं, एकदा तरंगण्याचा सराव करून घेतला, तरी पुष्कळ होईल. हीच तयारी जवळच्या पाण्यालाही लागू आहे. घोड नदीवरच्या डिंभे धरणाचा, म्हणजे हुतात्मा बाबू गेनू सागराचा, फुगवटा असो की प्लास्टिक अंथरलेलं शेततळं. ओल्या प्लास्टिकच्या उतारावर पोहणाऱ्यालाही पाय रोवता येत नाही. काठाला बांधलेली गाठी मारलेली एक दोरी तिथे जीव वाचवते, आणि ती बांधायला खर्च जवळजवळ नाही.

सगळ्यात जास्त बोलायला हवं ते वाचवायला जाणाऱ्यांबद्दल. एक बुडतो, त्याला धरायला दुसरा जातो, दुसऱ्याच्या मागे तिसरा. बुडणाऱ्याच्या मिठीतून सुटणं चांगल्या पोहणाऱ्यालाही जमत नाही. म्हणून मित्र बुडत असताना पाण्यात उडी न मारणं, हे शिकवावं लागतं. ते मनाला पटायला फार कठीण आहे आणि तरीही शिकवलंच पाहिजे. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. तोंड पाण्याखाली-वर होत असतं, श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, हात बाजूला पाणी दाबत राहतात. असा कुणी दिसला तर हाताला लागेल ते तरंगणारं त्याच्याकडे फेकावं. प्रत्येक सहलीच्या गाडीत पिण्याच्या पाण्याचे कॅन असतात. झाकण घट्ट लावलेला वीस लिटरचा रिकामा कॅन माणसाचं डोकं पाण्यावर धरून ठेवायला पुरतो. गाडीच्या टपावर सामान बांधायची दोरी असते. दोरीला कॅन बांधून ठेवायला दोन मिनिटं लागतात, फक्त ते पाण्यात उतरण्याआधी करायचं असतं. किनाऱ्यावर एकाने कोरडं राहून डोकी मोजत बसायचं आणि ती पाळी सगळ्यांनी आळीपाळीने घ्यायची.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटं टांगणं, पोट दाबून पाणी काढणं हे गावोगाव अजून चालतं. त्यात मोलाची मिनिटं जातात, आणि पोटातलं पाणी-अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. श्वास चालत नसेल तर त्याला पाठीवर झोपवून, हनुवटी वर करून, नाक दाबून आधी तोंडाने श्वास द्यायचा. बुडालेल्या माणसाला सगळ्यात आधी हवा लागते. मग छातीच्या मधोमध ३० दाब, पुन्हा २ श्वास, आणि मदत येईपर्यंत हेच चालू ठेवायचं. दरम्यान दुसऱ्याने फोन करायचा: ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८, सागरी पोलिसांसाठी १०९३, तटरक्षक दलासाठी १५५४. छोट्या किनाऱ्यांवर अनेकदा मोबाइलला रेंज नसते, तेव्हा रेंज कुठपर्यंत होती हे गाडी लावतानाच पाहून ठेवावं आणि फोन घेऊन तिथपर्यंत धावेल असा एकजण आधीच ठरवावा.